उलट शिकलेली फुली

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र आलं. आजारपणानंतर तुझ्या उजव्या हातात कात्री राहत नाही, तू दिवसभर खिडकीशी बसून असतोस, असं ती लिहिते. मला मात्र तू ‘सर्व ठीक’ एवढंच कळवतोस. थापाड्या!

माझं एक काम आहे. शिवणातल्या चिंध्यांचे तीन चेंडू करून तू लहानपणी फुली झेलायचास, हात एकमेकांवरून नेत. ती मला शिकव. कारखान्यात चष्म्याची भिंगं घासून झाली की दुपारी अर्धा तास मी मोकळी असते. पत्रानंच शिकव, पण शिकव.

तुझी गोटी


१७ फेब्रुवारी

चि. गोटीस,
अनेक आशीर्वाद.

डाव्या हातानं लिहितोय. कोंबडी कागदावरून चालत गेलीय असं समज.

उजवा हात डाव्यावरून ने, चेंडू सोड, हात उलगड. मग डावा खालून. घाई नको. चेंडू वर पोचला की क्षणभर थांबतो, तेवढाच आपला वेळ. हे जमलं की एकाच हातातून दोन चेंडू बरोबर उडव, तिसरा मधून जाऊ दे.

माझं म्हणशील तर चेंडू कपाटात गेले, कात्रीच्या शेजारी. आता ते काढायचे नाहीत असं ठरवलंय. आग्रह करू नकोस.

दादा


९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाकी नऊ आले! एक चेंडू थेट भिंगांच्या ताटात पडला. मुकादमबाई ओरडणार म्हणून मी डोळे मिटले, तर त्या म्हणाल्या, पुन्हा कर बघू.

काल जमलं, रे. खिडकीतून ऊन येत होतं, मांडलेल्या भिंगांतून भिंतीवर उजेडाचे ठिपके हलत होते, त्यात तिन्ही चेंडू तरंगत राहिले. हात माझे आहेत की कुणाचे, कळेना. खूप आनंद झाला आणि तुझी फार आठवण आली.

पण एक घोळ आहे. तू लिहितोस उजवा वर, माझा डावाच वर जातो. मग उमगलं. लहानपणी मी तुझ्यासमोर बसून तासन्‌तास बघायचे. जे पाहिलं ते तसंच डोक्यात बसलं, सगळं उलट. आता सुधारू का?

तुझी गोटी


२१ मार्च

चि. गोटीस,
अनेक आशीर्वाद.

खबरदार सुधारलंस तर!

तुझं पत्र वाचून दोन दिवस खिडकीशीच होतो, पण बाहेर बघत नव्हतो. तुला समोर उभी करून बघत होतो. तू समोर असलीस की तुझा डावा हात बरोब्बर माझ्या उजव्याच्या जागी येतो. माझ्या उजव्यानं जे जे केलं, ते सगळं त्याला येतं. मला वाटत होतं, ते कायमचं गेलं.

तुझ्या वहिनीला कपाट उघडायला लावलं. ती डोळे पुसत राहिली. एका चेंडूची शिवण उसवली होती, ती मी डाव्या हातानं शिवली. वाकडी आहे, चालेल.

रविवारी ये. खाऊ नको, सामान नको. माझा डावा आहेच, तुझा डावा हात तेवढा घेऊन ये.

लोभ आहेच, तो आता समोर येऊन दाखव.

दादा