थॉमसचं डावं टोक

१६ नोव्हेंबर १९८२
हाकललं त्याला! सख्ख्या भावाला. बरं केलं.
देवळातल्या मारियामातेच्या तसबिरीला नवी चौकट हवी, सणासाठी. आमची रीत ठरलेली — पट्टीचं उजवं टोक मी तिरकं कापायचं, डावं थॉमसनं. डावखुरा तो. पंचवीस वर्षं असंच. आज फादर बघायला आलेले. मी ऐटीत, जोडायच्या आधी, थॉमसच्या टोकाला कोन तपासायचा गुण्या लावला. पंचेचाळीस अंश नाहीच! अर्धा सूत कमी. फादरांदेखत म्हटलं, "भाऊ म्हणून पोसतोय तुला!" अवाक्षर बोलला नाही. करवत उचलली नि गेला. म्हणजे चूक कबूलच की! त्या पट्ट्या चुलीत घातल्या.

२० नोव्हेंबर
डावी टोकंही मीच कापली. हात उलटा पडतो. कोपरा एकीकडून टेकतो, दुसरीकडून फट. भुसा नि सरस कालवून भरला. इनेझ म्हणते, "पावाला लोणी लावताय का? अहो, थॉमसला बोलवा." म्हटलं, तू जेवायला वाढ.

२३ नोव्हेंबर
लाकूड ओलं असेल म्हणून दुसरं सागवान आणलं. तेच! रंधा मारून मारून पट्ट्या इतक्या आखूड झाल्या की तसबीरच मावेना. फादरांचा निरोप — नोव्हेना, सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू व्हायच्या आधी द्या, नाहीतर जुनीच चौकट राहू दे. गावात शोभा होणार माझी. थॉमसची बायको पॉलिन बाजारात दिसली. मान फिरवली. फिरव!

२६ नोव्हेंबर
पुन्हा नव्या पट्ट्या. उजवी टोकं मी कापली, डावी वालीवला रामनाथच्या वर्कशॉपात मशीनवर. मशीन तरी तोंड फुगवून बसत नाही. घरी आणून जोडलं — फट! चारही कोपऱ्यांना! मशीनपण खोटं?

२७ नोव्हेंबर
सकाळीच जाऊन रामनाथवर ओरडलो. त्यानं गुण्या काढला, मशीननं कापलेल्या टोकाला लावला. चपखल. म्हणाला, "काका, आता तुमचं टोक द्या."
दिलं नाही. माझ्या टोकाला गुण्या? बाबा सगळ्यांना सांगायचे, फर्डिनंडला गुण्या लागत नाही. तडक परत आलो. जेवण गेलं नाही. रामनाथचा राग येतोय, नि भीतीही वाटतेय. कसली, ते लिहवत नाही.

२८ नोव्हेंबर
दार लावून बघितलं. माझं टोक अर्धा सूत जास्त.
मग भिंतीवरची आमच्या लग्नाच्या फोटोची चौकट उतरवली, खिळे काढले. त्यातही माझं तेवढंच जास्त, थॉमसचं तेवढंच कमी. दोन्ही मिळून बरोबर काटकोन. म्हणून कोपरे बसत होते! पंचवीस वर्षं माझी चूक तो आपल्या टोकात घेत आला. आणि त्या दिवशी, फादरांसमोर, माझी अब्रू राखायला गप्प राहिला.
कोणत्या तोंडानं जाऊ त्याच्या दारात?