एका माणसाचा रस्सा

ता. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची किल्ली परत करून तू नव्या खोलीत राहायला गेलीस हे वाचून बरं वाटलं, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला लिहू? एकतीस वर्षं जिथे ऐंशी मुलींची पोटं भरलीस, तिथून निघताना तुझी ट्रंक उचलायलाही कुणी नव्हतं. ते वाचल्यावर दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याचं पाठीचं कापड बैठकीला ठोकून बसलो. मालकांनी येऊन बघितलं. त्यांचं बघणंच पुरेसं असतं.

मुद्द्याचं लिहितो. इथे खोल्या दोन आणि माणूस एक. ही गेल्यापासून मागची खोली मी उघडतो ती झाडण्यापुरती. तू तिथे आणि मी इथे, दोघांनी दोन गावांत भिंतींकडे बघत बसायचं, यात काय शहाणपण आहे? इकडेच ये राहायला. हिच्या आजारपणात तू तीन महिने राहून गेलीस, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून या घरात तू मुक्कामाला आलेली नाहीस. का, ते आपल्या दोघांनाही माहीत आहे, म्हणून लिहीत नाही.

आणखी एक काम. एका माणसाचा बटाट्याचा रस्सा कसा करायचा ते कळव. माझा एकतर पाण्यासारखा होतो, नाहीतर गिलाव्यासारखा. मधलं काही हाताला जमत नाही. खिडकीचं मापही पाठव. दुकानात हिरव्या कापडाचा मोठा तुकडा उरला आहे, त्याचा पडदा शिवून देतो.

प्रकृतीला जपावं. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझा धाकटा

ता. ११ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन पानांचं पत्र लिहिलंस म्हणजे नवलच. जन्मभर तोंडात टाचण्या धरून गाद्या शिवणारा माणूस, त्या काढल्या की इतकं बोलतो हे मला ठाऊक नव्हतं.

खोली चांगली आहे. पहिल्या मजल्यावर, हवेशीर. खाली घड्याळजींचं दुकान आहे, वर ते स्वतः राहतात, आणि शेजारी टेलिफोन ऑफिसातल्या एक बाई आहेत. सगळे सभ्य आहेत. जिन्यात भेटले की मान हलवतात आणि आपापल्या दाराआड जातात.

आता रस्सा. हसू नकोस, पण एका माणसाचा रस्सा मला येत नाही. ऐंशी जणींना आठ किलो बटाटे आणि अडीच किलो कांदा लागतो. वहीच्या पाठीमागे मी भागाकार केला. एकीला शंभर ग्रॅम बटाटा, तीसेक ग्रॅम कांदा. इथवर ठीक. पण मीठ भागाकाराला जुमानत नाही, आणि पाणी तर मुळीच नाही. पाण्याचा ऐंशीवा भाग छोट्या पातेल्यात घातला तर बटाटा शिजायच्या आधी बूड करपतं. हे मी करून बसले आहे म्हणून सांगते.

त्याआधी, म्हणजे इथे आल्या आल्या, सवयीने हात गेला आणि पंधरा माणसांचा रस्सा झाला. घड्याळजींना दिला, टेलिफोनवाल्या बाईंना दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच झाला, पुन्हा दिला. चौथ्या दिवशी घड्याळजी मला पातेलं घेऊन जिन्यात उभी बघून आल्या पावली वर गेले. मग तो भागाकाराचा करपला, आणि तेव्हापासून चहापुरता सोडला तर गॅस पेटवलेला नाही. चहा-बिस्किटांवर माझं झकास चाललं आहे, काळजी नसावी.

खिडकी उंचीला आठ वीत आणि रुंदीला पाच. मोजपट्टी ट्रंकेत तळाशी आहे, कोण उपसत बसतंय.

मागची खोली रोज झाडायची काही गरज नाही. माणूस राहत नसेल तिथे केर कुठून येणार?

माया आहे तशीच ठेव.

तुझी अक्का

ता. १९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पडदा शिवून पोस्टाने पाठवला आहे. खालच्या काठाला सोफ्याची उरलेली नाडी लावली आहे, म्हणजे वाऱ्याने उडणार नाही.

चहा-बिस्किटांवर माणूस झकास राहत नाही. ऐंशी मुलींपैकी एकीनेही तसं केलं असतं तर तू तिला कान धरून पाटापाशी आणलं असतंस. तेव्हा असं कर. रोज थोडा रस्सा लाव, माप बघ, खा, आणि जमला की मला लिही. तू करून बघितल्याशिवाय मला माप कळणार कसं? तोवर मी उपाशी आहे असं समज.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला विसरलीस. तू विसराळू कधीपासून झालीस? मागच्या खोलीतला पलंग मी खिडकीखाली सरकवला आहे. कोचाच्या स्पंजची नवी गादी केली. तिच्यावर कुणीही झोपलेलं नाही, मीही नाही.

उत्तराची वाट बघतो. कृपा असू द्यावी.

तुझा धाकटा

ता. ७ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आशीर्वाद.

अरे शहाण्या, विती कुणाच्या मोजल्यास? माझा पंजा केवढा, तुझा केवढा! पडदा लावला तर खाली हातभर कापड जमिनीवर लोळतंय. चाळीस वर्षं गाद्या शिवणाऱ्याने बहिणीची वीत स्वतःच्या हाताने मोजावी, याला काय म्हणायचं? टेलिफोनवाल्या बाई बघून हसल्या. माझ्या दारात त्या पहिल्यांदाच उभ्या राहिल्या होत्या, म्हणून मीही हसून घेतलं. कापड कापणार नाही आणि दुमडणारही नाही. खोलीत एखादी गोष्ट गरजेपेक्षा जास्त आहे, याचं मला बरं वाटतं.

मीही थोडी सजावट केली आहे. निघताना वसतिगृहातून मोडीत काढलेली मोठी चाळणी आणली होती, भाज्या निथळायची. ती दिव्याभोवती उलटी टांगली. संध्याकाळी दिवा लावला की छतभर ठिपके पडतात. भिंतीवरही उतरतात, पार दारापर्यंत. बघायला कुणी येत नाही, पण मी बघते. एखाद्या दिवशी सहा वाजायच्या आतच लावते.

रस्सा पाचव्या खेपेला जमला. लिहून घे. दोन लहान बटाटे, अर्धा कांदा, चमचाभर तेल. कांदा लाल होईपर्यंत हलायचं नाही. चहाचा एक कप पाणी, भागाकार न करता. मीठ तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं, आणि वर झाकण. झाकण महत्त्वाचं आहे, आम्हाला ऐंशी जणींच्या पातेल्यावर ते कधी लागलं नाही. वाटीभर होतो. मी खाल्ला. समोर कुणी नव्हतं, त्यामुळे चांगला झाला की नाही ते सांगता येत नाही. मुलींच्या तोंडाकडे बघून मला मीठ कळायचं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. नको. एका घरात भांड्याला भांडं लागायचंच. आपण पत्रातच बरे आहोत. गादी शिवलीस ते पुन्हा पुन्हा वाचलं, पण नको.

रागावू नकोस. लोभ कर.

तुझी अक्का

ता. १५ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

लिहायचं नाही असं ठरवलेलं आज लिहितो.

त्या दुपारी मी कामावरून जेवायला आलो आणि तुला म्हणालो की हे घर आहे, वसतिगृह नाही, आणि तू आता गेलीस तरी चालेल. बिनपगारी रजा काढून तीन महिने आमचं सगळं करणाऱ्या मोठ्या बहिणीला मी हे म्हणालो. तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस. पंधरा दिवसांनी ही गेली. तेव्हा तू आलीस, दारापाशी भिंतीला टेकून उभी राहिलीस आणि पाणीही न पिता परत गेलीस. मी अडवलं नाही.

माझं चुकलं, अक्का. हे सहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला सोफ्यांबद्दल लिहीत राहिलो. इथे संध्याकाळी घरी आलो की कुलूप उघडायच्या आधी मी किल्ल्या जरा जोरात वाजवतो, आत कुणी असल्यासारखा. इथवर आलो आहे मी.

तुला माझा राग आला असेल तर तो हक्काने धर, पण इथे येऊन धर.

तुझा धाकटा

ता. २४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी रागावून गेले असं तू सहा वर्षं धरून चाललास? राग असता तर चार दिवसांत उतरला असता. मला लाज वाटत होती. कसली, ते कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगते.

त्या दिवशी सकाळी तुझी बायको उठली. भिंतीला धरत धरत आपल्या पायांनी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली की आज रस्सा ती करणार. तिने कांदा चिरला, वेडावाकडा. मग डाव हातात घेतला, तो तिला पेलेना आणि कांदा बाहेर सांडायला लागला. मी तो डाव तिच्या हातातून काढून घेतला. नवख्या मुलींच्या हातातून काढून घ्यायचे ना, तसा. वर म्हणाले की बाजूला हो, नुसता पसारा होतोय.

ती जाऊन पडली. त्यानंतर ती चुलीपाशी उभी राहिली नसणार. मी विचारलं नाही, पण मला कळतं. तिचं घर, तिची चूल, आणि शेवटचा स्वयंपाक मी तिच्या हातून काढून घेतला. दुपारी तू बोललास तेव्हा तुला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. तुझ्या बोलण्याचं निमित्त झालं आणि मी सुटले. आता त्या स्वयंपाकघरात कुठल्या तोंडाने उभी राहू ते तूच सांग.

आता तुला राग आला तर तुझंही बरोबर आहे.

अक्का

ता. ३१ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मला ठाऊक होतं. हिनेच दुपारी सांगितलं होतं. रडत नव्हती, हे आधी लिहितो. मी मात्र तेवढं ऐकलं आणि सरळ तुझ्यापाशी येऊन बोललो.

तू गेलीस हे कळल्यावर ही माझ्यावर अशी चिडली की खोकला लागला. म्हणाली की तिने नवऱ्यापाशी गाऱ्हाणं सांगितलं होतं, नणंदेला घालवून द्यायला सांगितलं नव्हतं. अक्कांना बोलावून घ्या म्हणाली. मी उद्या लिहितो, परवा लिहितो करत राहिलो. अजून दिवस पुष्कळ आहेत असं वाटलं होतं. हे मी तुझ्यापासून लपवलं. तुझ्या अपराधापेक्षा माझा मोठा आहे, त्यामुळे त्यात माझ्याशी बरोबरी करायला येऊ नकोस.

त्या पंधरा दिवसांत हिने पलंगावरून सांगून सांगून मला रस्सा शिकवला. एका माणसाचा. दुसऱ्याचा लागणार नाही हे तिला कळलं होतं. तेव्हा मला तो येतो. नव्या खोलीतून आलेल्या तुझ्या पहिल्या पत्रात जेवणाचा एक शब्द नव्हता म्हणून मी तो विचारला. ऐंशी जणींच्या पानात काय पडलं ते दर पत्रात लिहिणारी तू.

हिची उंची तुला आठवत असेल. स्वयंपाकघरातल्या फळ्या तिच्या हाताच्या बेताने होत्या, तुला प्रत्येक डब्यासाठी स्टुलावर चढावं लागायचं. सहा वर्षं त्यांना मी हात लावला नव्हता. रविवारी स्क्रू काढले आणि एकेक फळी हातभर खाली घेतली. वर भिंतीत जुनी भोकं राहिली आहेत. ती बुजवणार नाही आणि त्यावर रंगही देणार नाही. हिच्या फळ्या तिथे होत्या, हे दिसू दे.

आणखी काय लिहू? ये.

तुझा धाकटा

ता. ६ एप्रिल

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. आठ दिवसांसाठी. नवव्या दिवसाचं तू विचारू नकोस, माझं मी बघेन. खोलीचं भाडं चालू ठेवलं आहे, आणि चाळणी दिव्यावर तशीच आहे.

ट्रंक जड नाही, पण स्टेशनवर ये.

गुरुवारचा रस्सा तू करायचास. तिने शिकवला तसा, दोघांपुरता. मी खुर्चीत बसेन. कांदा जाड चिरलास तरी बोलणार नाही, बूड लागायला लागलं तरी उठणार नाही. एकतीस वर्षांत मी कुणाला माझ्यासमोर पातेल्यापाशी उभं राहू दिलेलं नाही, त्यामुळे हे जमेल की नाही, खरंच सांगता येत नाही. पण हात मांडीवर ठेवून बसेन. करपला तर करपलेला खाऊ.

तुझीच,
अक्का