डावा कान

नाशिकरोड,
रविवार, दि. १३ सप्टेंबर २००९

प्रिय राखीताई,

तुला आणि यादवभाऊजींना सप्रेम जयभीम. चिमुकल्या बुद्धभूषणला न पाहिलेल्या मावशीचा गोड पापा. येथे आम्ही सुखरूप आहोत. तुझी खुशाली मात्र पंधरा दिवसांत कळलेली नाही. पेठचा पाऊस अजून ओसरला नसेल. आश्रमशाळेच्या खोल्यांच्या भिंती ओल धरतात, असे तू मागे लिहिले होतेस. बाळाला जपत जा.

आईचे गुडघे दुखतात, तरी ती विहारातील शिवणवर्ग सोडत नाही. माझे एम.ए.चे दुसरे वर्ष सुरू झाले. सकाळी महाविद्यालय आणि दुपारी वाचनालयात पुस्तकांची देवघेव, असा क्रम आहे. परवा एक आजोबा मला म्हणाले, "पोरी, तू बोलतेस की नुसती शिक्के मारतेस?" मी शिक्का मारला आणि हसले.

भाऊजी शाळेसाठी सौरकंदील संकेतस्थळावरून मागवणार आहेत, असे तुझ्या मागच्या पत्रात होते. मागवून झाले नसतील, तर कृपया त्यांना थांबव. कारण पुढे लिहीत आहे.

बाबा बरे आहेत. त्यांच्या कानाला यंत्र आणले, हे तुला जुलैत कळवलेच होते. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनशेजारी पस्तीस वर्षे काढल्यावर त्यांचा उजवा कान पुरता गेला. डावा थोडा शिल्लक होता. जवळ जाऊन बोलले की त्यांना समजत असे. यंत्र त्याच डाव्या कानात बसवतात. रोज सकाळी दाढी झाली की ते आरशासमोर उभे राहून यंत्र कानात घालतात आणि मला म्हणतात, "हां. आता बोल."

ते यंत्र मी कसे आणले, हे तुला लिहिले नव्हते. प्रथम मी शालिमारजवळच्या एका दुकानात गेले होते. काचेमागच्या बाईंनी इंग्रजीत काही विचारले. मला प्रश्न समजला होता, उत्तरही मनात तयार होते. तरीही मी "नंतर येते" असे पुटपुटून बाहेर पडले. दहावीला केंद्रात पहिली आलेली तुझी बहीण दुकानाच्या पायरीवरून परत फिरली.

मग सायबर कॅफेत एक संकेतस्थळ सापडले. परदेशी बनावटीचे यंत्र, निम्म्या किमतीत, घरपोच. तेथे कोणाशी बोलावे लागत नव्हते, केवळ लिहायचे होते. त्यांची उत्तरे इतक्या निर्दोष इंग्रजीत येत, की मी त्यांत चूक शोधत बसे आणि एकही सापडत नसे. आपण मराठी माध्यमाची मुले. इतके शुद्ध लिहिणारा माणूस खोटे बोलेल, असे माझ्या मनातही आले नाही.

पत्र येथे थांबवते. आई हाक मारते आहे.

गुरुवार, दि. १७

ताई, रविवारी आईने हाक मारली नव्हती.

त्या दिवशी लिहायला हवे होते, ते आज लिहिते. ते यंत्र खोटे आहे. पार्सल आले, त्याच आठवड्यात बाबा आंघोळीला गेले असताना मी ते स्वतःच्या कानात घालून पाहिले. बाहेर कुकरची शिट्टी झाली, ती मला दूरच्या गावात झाल्यासारखी वाटली. यंत्र आवाज वाढवत नव्हते. त्याच्या रबरी बोंडाने कान बंद होत होता. मी संकेतस्थळाच्या लोकांना चार ई-पत्रे पाठवली, पण एकाचेही उत्तर आले नाही. पैसे आधीच भरले होते, आणि तेही कंपनीच्या नव्हे, कोणा एका माणसाच्या नावावरच्या खात्यात. ते नाव बँकेच्या स्लिपवर मीच माझ्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिले होते. तेव्हा मन अडखळले होते. इतक्या मोठ्या कंपनीचे काही कारण असेल, अशी मीच मनाची समजूत घातली.

आणि तरीही बाबा म्हणत राहिले, "लय झकास ऐकू येतं." मी गप्प राहिले. ज्यांनी मला पुस्तके आणून दिली, त्यांच्यापुढे मूर्ख ठरण्याची मला लाज वाटली.

आता तीस ऑगस्टची गोष्ट. तू पेठच्या बूथवरून फोन केलास. तुझ्या लग्नाची बातमी शेजाऱ्यांकडून कळली, त्याला तीन वर्षे झाली. तेव्हापासून बाबांनी तुझा फोन घेतला नव्हता. त्या दिवशी मी रिसीव्हर पुढे केला आणि त्यांनी तो घेतला. त्यांनी तो डाव्या कानाला लावला, यंत्रावरून.

तू पुष्कळ वेळ बोललीस. मी शेजारीच उभी होते, तुझा आवाज रिसीव्हरमधून बाहेर येत होता. "बाबा, बाळाला घेऊन येऊ का? धम्मचक्र दिनाला त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी आपण सगळे जायचो, तसं जाऊ." मग तू थांबलीस. बाबांनी माझ्याकडे पाहिले, खाकरले आणि म्हणाले, "बरं आहे. ठेवतो." आणि फोन ठेवला.

ताई, त्यांनी तुला नकार दिला नाही. त्यांना तुझा एकही शब्द ऐकू आला नव्हता. आईने विचारले तेव्हा ते म्हणाले, "बरी हाय म्हणाली पोरगी," आणि अंगणात जाऊन मोगऱ्याला पाणी घालत बसले. सकाळीच घातले होते.

मी रिसीव्हर त्यांच्या हातातून घेऊ शकले असते. "थांब, बाबांना ऐकू आलं नाही," एवढेच म्हणायचे होते. पण तसे म्हटले असते, तर यंत्राचे खोटेपण उघडे पडले असते. मी माझी लाज राखली आणि तुला त्या बूथमध्ये तसेच उभे ठेवले. एवढे लिहायला मला अठरा दिवस आणि एक खोटी हाक लागली.

मंगळवारी मी बाबांना सांगितले. आधी यंत्र काढायला लावले, मग डाव्या कानाशी तोंड नेऊन सगळे बोलले. ते शांतपणे कान खाजवत राहिले.

"तिसऱ्या दिवशीच खोललं होतं मी ते," बाबा म्हणाले. "पस्तीस वर्षं टर्बाइन खोललं, ह्या चिमणीएवढ्या यंत्राचं झाकण नाय उघडणार? आत एक वायर हाय. ती पण कुठंच जोडलेली नाय."

"मग रोज घालत का होतात?"

"तू कालेजातून आली की चप्पल काढायच्या आधी माझ्या कानाकडं बघायची." मग म्हणाले, "खाज मात्र लय सुटते गं त्यानं."

आई आतून म्हणाली, "बाप तसाच, लेक तशीच. दोघं मिळून मला येडी करत होते."

मग मी त्यांना तुझे बोलणे सांगितले, तुझ्याच शब्दांत. फोनवर बाळ मधेच रडले होते, तेही सांगितले. त्यांनी मला ते दुसऱ्यांदा सांगायला लावले. "आणि मी काय म्हणलो?" त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. नंतर म्हणाले, "पंधरा दिवस. पोरगी काय समजून बसली असेल."

काल आम्ही दोघे पोलीस ठाण्यात गेलो. खंडेराव नावाचे हवालदार होते. त्यांनी माझे सगळे कागद पाहिले.

"पत्ता कुठंय यांचा?"

"नाही."

"फोन नंबर तर दिसतोय. लावून बघितला होता?"

"नाही."

"का बरं?"

"इंग्रजी बोलावं लागलं असतं," मी म्हटले.

त्यांनी तिथल्या तिथे नंबर फिरवला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. त्याचे टायर पंक्चरचे दुकान होते. म्हणाला, "साहेब, कानाच्या मशीनसाठी रोज चार लोक मला शिव्या घालतात." खंडेरावांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. "पोरीला रोज सांगतो, इंग्रजी शीक म्हणून. आता सांगेन, आधी फोन लावायला शीक." बाबांना हे ऐकू आले नाही, पण मी हसले म्हणून तेही हसले. तक्रार नोंदवून घेतली आहे. पैसे परत येण्याची आशा थोडीच आहे, असे खंडेरावांनी स्पष्ट सांगितले.

भाऊजींना माझ्या वतीने एवढेच सांग: कंदील मागवण्याआधी त्या लोकांना फोन करावा आणि दुकान कोठे आहे ते विचारावे. त्यांच्याकडून ज्याने वस्तू घेतली, अशा एखाद्या माणसाला गाठावे. पैसे कोणा व्यक्तीच्या खात्यात मागितले, किंवा वस्तू पाहण्याआधीच सगळे मागितले, तर नाही म्हणावे. किंमत पाहून जीव हरखला, तर एक रात्र जाऊ द्यावी. आणि भाषेवर भुलू नये. मला या सगळ्या खुणा दिसल्या होत्या. मी त्या वाचल्या आणि पान उलटले.

आज सकाळी मी तुमच्या शाळेच्या कार्यालयात फोन लावला. स्वतः लावला. दोनदा घंटा पूर्ण वाजली, कोणी उचलला नाही, म्हणून हे पत्र. सोमवारी सरकारी रुग्णालयात कानाच्या डॉक्टरांकडे बाबांना नेते आहे. तेथे मीच बोलणार आहे, असे मी त्यांना सांगितले, तर म्हणाले, "बोल. मला तसंही ऐकू येत नाय."

बाबांनी स्वतः लिहावे, असा मी आग्रह केला. कागद पुढे ओढून त्यांनी पेन हातात घेतले आणि पुन्हा खाली ठेवले. "लिहिण्याची गोष्ट नाय ही," म्हणाले. मग विचारले, "पेठची पहिली यष्टी इथं किती वाजता येते?"

तेव्हा ताई, सत्तावीस तारखेला, रविवारी, तिघेही या. बाबा मध्यवर्ती बसस्थानकावर सकाळपासून उभे राहणार आहेत. आई म्हणते, ते सहालाच जाऊन उभे राहतील, तुम्ही कोणत्याही गाडीने या. गर्दीत मागून हाक मारलीस, तर त्यांना कळणार नाही, आणि उजवीकडून तर मुळीच नाही. बाळाला घेऊन त्यांच्या डाव्या बाजूने जा, अगदी जवळ. त्या कानात आता काहीही नाही.

त्या दिवशी रिसीव्हर हातात घ्यायचा राहिला, ती तुझी धाकटी,
भाग्यश्री