एकाच पत्त्यावरची त्रेसष्ट माणसं

मी, खाली सही करणारी, वय वर्षं चौऱ्याहत्तर, रुग्णालयाच्या प्रसूती विभागात सव्वीस वर्षं आया म्हणून राबलेली आणि रुग्णालयामागच्या गल्लीत चार खोल्या भाड्याने देऊन पोट भरणारी बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. असतं तर मी जुमानलं नसतं. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्याबद्दल कायदा काही विचारत नाही. याआधीचं मृत्युपत्र मी रागाच्या भरात केलं होतं. ते रद्द समजावं.

कलम १. बाळांचं वजन करायचा जुना काटा रुग्णालयाने मोडीत काढला तेव्हा मी रीतसर चिठ्ठी घेऊन घरी आणला. तो नवजात कक्षातल्या मोठ्या सिस्टरना द्यावा. तो पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो. आम्हा आयांना ते ठाऊक होतं, नव्या डॉक्टरांना नव्हतं, आणि ते आम्हाला विचारत नसत.

कलम २. लोखंडी कपाट, शिवणयंत्र आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी माझ्या भाचीला. कपाटाचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, हे तिला माहीत आहे.

कलम ३. समोरच्या चहावाल्याला काहीही देऊ नये. 'आमच्याकडे या गल्लीचं पाणी वापरत नाही' अशी पाटी त्याने अकरा वर्षं माझ्या दाराकडे तोंड करून लावली आहे. ती उतरवायला माझी शिडी हवी तर द्यावी, आणि आठवणीने परत घ्यावी.

कलम ४. ही पाटी का लागली, ते आता लिहिते. रुग्णालयात कॅन्सरचे उपचार फुकट, पण फक्त शहरात राहणाऱ्यांना, असा नियम होता. लांबून आलेली माणसं माझ्या खोल्यांत उतरत. घशात गाठ झालेला एक गवंडी मला म्हणाला, "मावशी, खिडकीवर तुमचा पत्ता सांगू का? नाहीतर हाकलून देतील."

मी म्हटलं, "सांग की. घर काय झिजतंय का?"

त्याच्यामागून बाकीचे आले. अवघडलेल्या बायकाही आल्या, कारण कमी वजनाच्या बाळांच्या कक्षालाही तोच नियम होता. नोंदणीच्या खिडकीवरचे कारकून पुढे पुढे मान वर न करताच माझा पत्ता लिहायला लागले. अशी आठ वर्षं गेली. कागदोपत्री माझ्या चार खोल्यांत कॅन्सरची त्रेसष्ट माणसं आणि एकोणीस अशक्त बाळं कायमची राहत होती.

मग संशोधन करणारी एक मुलगी आली. कुठे कोणाला कॅन्सर होतो, कुठे बाळं लहान जन्मतात, याचा ती नकाशा करत होती. गल्लीने तिचं नाव नकाशेवाली ठेवलं. कॅन्सरला लाल ठिपका, बाळाला निळा. माझ्या घरावर ठिपक्यांची अशी गर्दी झाली होती की खालचं घर दिसेना.

"आजी, तुमच्या घरात नक्की आहे तरी काय?" तिने विचारलं.

"ढेकूण," मी म्हटलं.

बिचारी हसली आणि नळाचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली. तीनदा तपासलं, तीनदा स्वच्छ निघालं. पण तोवर नकाशा वर्तमानपत्रात छापून आला होता आणि समोर ती पाटी लागली होती. मी खरं बोलले असते तर तेव्हा माझ्याकडे राहणाऱ्या सात जणांची औषधं बंद झाली असती आणि कारकुनांची नोकरी गेली असती. मी तोंड शिवून बसले.

कलम ५. माझी हिरव्या पुठ्ठ्याची वही नकाशेवालीला द्यावी. तीत प्रत्येकाचा खरा पत्ता आहे, कारण माणूस गेलं तर निरोप कुठे धाडायचा हे मला माहीत असावं लागे. नावं झाकून ठेवायची, अशी तिला अट आहे. त्रेसष्टांपैकी सव्वीस जण रंगाच्या कारखान्यामागच्या एकाच वस्तीतले आहेत. अकरा बाळांच्या आयाही तिथल्याच. मी शिकलेली नाही, कारण काय ते मला सांगता येणार नाही. पण सगळे माझा नळ तपासत राहिले आणि त्या वस्तीत कुणी फिरकलं नाही, याला मी कारण आहे. पत्त्याचा नियम मागच्या महिन्यात उठला. आता लपवायला निमित्त उरलेलं नाही.

कलम ६. हे घर माझ्या सुनेला. मुलाला नाही, सुनेला. आणि हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. याची प्रत साक्षीला आलेले कारकून आजच तिला नेऊन देणार आहेत.

सूनबाई, नकाशा छापून आला त्याच आठवड्यात तुझं बाळ सातव्या महिन्यात आलं आणि दोन दिवसांत गेलं. तू माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मला विचारलंस, "आई, मी हेच पाणी पीत होते. माझ्यामुळे झालं का हो?" मला सगळं माहीत होतं, आणि मी म्हटलं, "देव जाणे." तुम्ही दोघं घर सोडून गेलात. नंतर झालेल्या नातीला मी फोटोतच पाहिलं.

पाण्यात काही नव्हतं. तुझी वार वेळेआधी सुटली होती. असं कुणाचंही होतं. मी सव्वीस वर्षांत कितीदा पाहिलं. तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं. सात जणांची औषधं चालू राहावीत म्हणून मी तुला एकटीला अकरा वर्षं दोषी ठेवलं. त्यांना वाचवलं याचा मला पश्चात्ताप नाही. तुला सांगितलं नाही याचा आहे, रोज आहे. घर घे, वीक, नाहीतर कुलूप लाव. मला क्षमा केलीच पाहिजे असं नाही.

नकाशेवाली आता माझ्या घरावरचे ठिपके पुसेल. सगळे पुसले तरी एक निळा ठिपका राहील, कारण तो पत्ता खरा होता. तो आपल्या बाळाचा आहे.

ठिकाण: माझं राहतं घर, पुढची खोली. चौदा मार्च, सकाळी अकरा.

सही (अंगठा नव्हे, सहीच)

साक्षीदारांना कायद्याने काही देता येत नाही, म्हणून चहा दिला.

साक्षीदार पहिली: शेजारची शिंपीण. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: नोंदणीच्या खिडकीवरचा निवृत्त कारकून. सही माझ्यासमोर झाली. पत्ते माझ्या हातचे आहेत. सूनबाई, मीही गप्प बसलो होतो.