फॉल्ट कोनाचा?

प्रिय आकांक्षा,

फोन लावला की तू "आई, नंतर बोलते" म्हणून ठेवून देतेस. पत्र तरी मधेच कापता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

सध्या घरात एकाच शब्दानं उच्छाद मांडलाय. फ्रिज गार होईना, तर मेकॅनिक म्हणाला कॉम्प्रेसरमध्ये फॉल्ट. शेजारच्या खातूनबीची पोर तुबा भर दुपारी अंगणात बॅडमिंटन खेळते, अन् सर्व्हिस चुकली की सगळ्या पोरी "फॉल्ट! फॉल्ट!" ओरडतात. त्यात तुझी कौशल्याआत्या तिवस्याहून येऊन ठाण मांडून बसलीय. भाजी निवडता निवडता विचारते, "वहिनी, खरं सांगा, फॉल्ट कोनाचा होता? पोरीचा का जावयाचा?" मी म्हटलं, बाई, पोरीचं घर मोडलंय, कूलर नाही बिघडला. पण तिचं काही समाधान होईना.

तू कॉलेजात भूगोल शिकवतेस. एकदा मला समजावलं होतंस, जमिनीच्या पोटात खडक तडकून सरकतो, त्यालाही फॉल्टच म्हणतात. तिथं तरी कोणी विचारत नाही ना गं, या बाजूच्या खडकाचा की त्या बाजूच्या?

परवा संध्याकाळी गल्लीची लाइट गेली. ट्रान्सफॉर्मरवर फॉल्ट! या उकाड्यात घरात कोण बसतं; सगळे ओट्यावर. आत्यानं अंधारात, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, तोच प्रश्न तुझ्या बाबांना टाकला. तू सासर सोडून अकोल्यात खोली घेतलीस, तेव्हापासून या माणसानं त्या विषयावर ब्र काढलेला नव्हता. मला वाटलं, उठून आत जातील. पण ते म्हणाले, "कौसे, फॉल्ट सापडल्याबिगर लाइट येत नाही, हे ठीक. पन माह्या पोरीले माह्या घरी वापस याले कोनाचा फॉल्ट काहून सापडाले पाह्यजे?"

पलीकडून खातूनबी म्हणाली, "बराबर बोलले भाऊ." मी पदर डोळ्यांना लावला, अंधार होता म्हणून बरं.

"माझी चूक नव्हती हे कोर्टात ठरलं की घरी येईन," असं तू मागे म्हणालीस. इतका संताप झाला होता माझा! चूक तुझी असेल, नसेल, निम्मी असेल. आम्ही कधी विचारलं का? आणि आता ऐक. मागच्या महिन्यात बाबा मला परतवाड्याला जातो सांगून अकोल्याला आले होते. तुझ्या दाराशी उभे राहिले आणि बेल न वाजवता परत आले. "जाब विचाराले आलो असं वाटीन तिले," काल मला म्हणाले. काय करावं अशा बापलेकींना! पुढच्या रविवारी मी त्यांना घेऊन येतेय. बेल मी वाजवीन. तू फक्त दार उघड.

तुझीच,
वैतागलेली आई