मोटरीचा पहिला घास

बुदाई, चौथ्या महिन्याची पौर्णिमा

लाडक्या पेइ-युनला अनेक आशीर्वाद.

आठवण करून देते : मी तुझ्या बापाची आई. बुटकी, पुढचा दात सोन्याचा. ओळख पटली असेल तर पुढे वाच. इकडे सगळे खुशाल. पत्र तुझ्या आईकडून लिहून घेते आहे, तेव्हा मध्येच कुठे गोड शब्द दिसला तर तो तिचा समज.

परवा तुझ्या आईची आई देवळात भेटली. "विहीणबाई, पेइ-युनने आमच्या माशांच्या तळ्यावरचे सगळे फ्यूज बदलून दिले हो! एकेका मोटरीवरची आकड्यांची पाटी वाचून! आता बटण दाबलं की चाक फिरलंच." मी म्हटलं, "नशीब तुमचं. माझ्याकडे ती नुसती जेवून जाते." नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी आईबरोबर तिच्या माहेरी जायचं, जेवायचं, परत यायचं. फ्यूज बसवायचा रिवाज कधीपासून निघाला?

"आई, हेही लिहू?" तुझी आई विचारतेय. लिही म्हटलं.

आमचं पाण्यात हवा घुसळणारं चाक मात्र रुसलंय. तुझ्या बापाने मोटर मोठी आणली, फ्यूज जुनाच. चालू केली की फट्! पहाटे मासे तोंडं वर काढून हवा मागतात. शेजारचा आ-शुई म्हणाला, "आजी, तांब्याची जाड तार गुंडाळतो, जन्माची कटकट मिटेल." मी म्हटलं, "मोटरीचीही मिटेल!" तूच सांगितलं होतंस ना, मोटर उठताना विजेचा पहिला घास सहापट घेते, फ्यूजने तेवढा सोसावा, पण चाक अडकून मोटर तशीच ओढत राहिली तर स्वतः वितळून तिला वाचवावं. मला अक्षर येत नाही, पण तुझं बोलणं विसरत नाही. त्या आजीला सांगितलं होतंस का हे?

तुझा बाप म्हणतो, दुकानातून दुसरा आणू. मी आणू देत नाही. आमच्या मोटरीचीही पाटी तूच वाचायचीस. तोवर मी काठावरून बांबूने पाणी बडवते. हात अजिबात दुखत नाहीत.

(खूप दुखतात. काल भाताचा वाडगा उचलवला नाही. मासेही मरायला लागलेत. लवकर ये. – आई)

हिने मध्येच काय लिहिलं, वाचून दाखवत नाही.

वाट न बघणारी,
तुझी दुसरी आजी

ता. क. येताना त्या आजीच्या हातचं मोहरीच्या पानांचं लोणचं आण. माझ्यापेक्षा बरं असतं म्हणे. मोठी बरणी आण, आणि कुणासाठी ते तिला सांगू नकोस.