भाचा निळा कसा पडला

मिरज, दवाखाना, खिडकीजवळची खाट

तीर्थरूप नानासो मामा यांच्या पायांवर साईराजचं डोकं (पडल्या पडल्याच टेकवलंय, हाताला सलाईन आहे, गोड मानून घ्या).

पत्राला उशीर झाला. परवा लिहायला बसलो, तर शेजारच्या खाटेवरचे जतचे मेंढपाळ एकेका मेंढीचा स्वभाव सांगायला लागले, आणि काल पेनच त्यांच्याकडं राहिलं. खरं म्हणजे तुम्हाला लिहायची भीती वाटत होती. फोन केला असता, पण आईचा तुम्ही मधेच कापलात, माझा तर उचलणारच नाही. गुडघे कसे आहेत? शिवांजली बाळंतपणाला माहेरी आलीय, लेक आणि नातू सुखरूप ना?

तर मामा, मी पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या पॅकिंगला होतो (त्याआधी टेबललँडवर घोड्यांमागं होतो, ते का सुटलं हे घोड्यालाच विचारा). तिथं अक्कलदाढ उठली. मेडिकलवाल्यानं हिरडी बधिर करायचं मलम दिलं. नळीवर बारीक इंग्रजी होतं, आणि बारीक इंग्रजीशी माझं जमत नाही. ठळकशीही नाही. म्हणून माझ्याबरोबर खोकी भरणाऱ्या रंगूबाईला विचारलं. ती रोज पायरीवर बसून निवांत मिश्री लावते. तिचं म्हणणं, दाताला लावायचं ते मिश्रीवानीच लावावं : तळहातावर घ्यावं, बोटानं पार मुळापर्यंत चोळावं, आणि घाई करू नये. मी घाई केली नाही. लय सुख वाटलं. दाढ गेली, जीभ गेली, वरचा ओठ जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागलं.

दाढ काढून घ्यायला सांगलीला निघालो. वाटेत साताऱ्याला उतरलो, कारण बधिर तोंडाला कंदी पेढा काय करणार, असा विचार केला. (चव कळेना, म्हणून आणखी खाल्ले.) पेढ्यानं दाढ पेटली. मग पुढच्या गाडीत उरलेली नळी पिळून पुन्हा मिश्री. कराड सोडल्यावर धाप लागली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "आरं, जांभळं खाल्लीस व्हय?" हिवाळ्यात कुठली जांभळं? मोबाईलमध्ये तोंड बघितलं तर ओठ शाईचे, नखं शाईची. मला वाटलं, नव्या शर्टाचा रंग गेला. थुंकी लावून नखं घासत सांगली गाठली. स्टँडवर उतरताना पायरी चुकली, आणि रिक्षावाल्यानं मला न विचारता मिरजेला आणून घातलं.

इथं ऑक्सिजन लावला, तरी मी निळाच. रक्त काढलं तर चॉकलेटी. (सिस्टर एकदा सुईकडं बघत, एकदा माझ्याकडं.) डॉक्टर मयूरीबाईंनी समजावलं, मलमानं रक्त बिघडलं, ते अंगात फिरतंय, पण प्राणवायू वाहून न्यायचं काम करत नाही. नुसतं फिरतंय आणि काम करत नाही म्हटल्यावर, खबर मिळून धावत आलेली आई म्हणाली, "मग ते त्याच्यावरच गेलंय."

यावर निळ्या रंगाचं इंजेक्शन असतं. निळ्या माणसाला निळं औषध. मी म्हटलं, द्या. सुई जवळ आली, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "आईकडचं कुणी गोळ्या खाऊन पिवळं पडलं होतं का?"

आपल्या घरात सांगतात, मामाला पलटणीत असताना आसामात पाणी बाधलं. पण मलेरियाच्या गोळ्यांनी तुम्ही हळदीसारखे झाला होतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी, हे मामी आईला सांगत होती ते मी दाराआडून ऐकलेलं. तेवढं बोललो. बाईंनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. तसलं, गोळ्यांनी फुटणारं रक्त असेल तर हे औषध उलटं रक्तच फोडतं, म्हणाल्या. मग क जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, ऑक्सिजन, आणि वाट बघणं. आई माझा हात धरून नखांकडं बघत बसली. नखं गुलाबी झाल्यावर ती रडली, आणि मग मला एक ठेवून दिली (ती बाजू बधिर नव्हती). तपासणीचा रिपोर्ट आला : माझं रक्त तुमच्यावरच गेलंय. तुमच्या पिवळेपणानं मी वाचलो, मामा. हेच सांगायला आईनं फोन केला होता. तुम्ही "आमच्या रक्तात खोट न्हाई" म्हणून कापलात.

बाकी ठीक. मामीला नमस्कार, बाळाला पापा.

तुमचा, सध्या गुलाबी,
साईराज

ता. क. : दाढ अजून तिथंच आहे.

ता. क. दुसरा, आणि खरा : बाई म्हणतात, हे रक्त लेकीकडून नातवाकडं जाऊ शकतं. बारशाला बाळाला तुमच्या मिलिटरी ट्रंकेतलं जुनं अंगडं घालायचं ठरलंय असं कळलं. त्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या आहेत. असल्या रक्ताच्या बाळाला तो वाससुद्धा बाधतो. ट्रंक उघडू नका, आणि आधी बाळाचं रक्त तपासून घ्या. माझं ऐकू नका, माझं ऐकून कुणाचं भलं झालंय? डॉक्टरबाईंचं ऐका.

ता. क. तिसरा : हे लिहितोय तोवर दारात शिवांजली उभी! बाळ कडेवर, मागं मामी. तुम्हाला मामीचे डोळे तपासायला जातो म्हणून सांगून निघाल्यात म्हणे. मामीनं दारातनंच माझी नखं मोजली, एवढं लांबचं दिसतंय तिला. बाळाला आत नेलंय, सुई बघून त्यानं जी आरोळी ठोकलीय ती अख्ख्या पलटणीला ऐकू जाईल. मामी म्हणाली, "तुज्या मामाला यातलं एक अक्षर कळवायचं न्हाई."

म्हणून कळवत नाही.